बाबांची दोन आडनावं आणि माझी वही

चौथं पत्र आलं त्या दिवशी खळ्यात काजूची बी वाळत घातली होती आणि आभाळ भरून आलं होतं. पोस्टमनने पाकीट हातात दिलं, मी ते उभ्या उभ्याच फोडलं. आत इंग्रजीत दोन ओळी. शेअर सर्टिफिकेटवरचं नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, सबब अर्ज पुढे नेता येत नाही. महिना मे २०२३. गेलेल्या बाबांचे शेअर आईच्या नावावर करायचा पहिला अर्ज आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये पाठवला होता आणि ती दोन्ही नावं त्या अर्जाच्या पहिल्याच पानावर होती. पाच महिने, आधीची तीन पत्रं, तीनदा नोटरी, आणि नावाचं मात्र चौथ्या पत्रात सांगतात. बी गोळा करायची सोडून मी पडवीत बसून रडले. ताडपत्री आईने एकटीने ओढली.

वेंगुर्ल्याजवळ आमचं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे, तिच्यात मी स्वतःसाठी नियम लिहिते. घराचे, धंद्याचे, पैशाचे. बचत गटातल्या बायका विचारतात, हे नियम तू आणलेस कुठून? त्यातले निम्मे त्या एका अडकलेल्या कामातून आले, म्हणून आधी ते कामच सांगते.

बाबा मुंबईत नोकरीला होते. चाकरमानी माणूस. मुंबईत त्यांनी गावाच्या नावाला ‘कर’ लावलेलं आडनाव वापरलं, गावी कागदोपत्री आमचं मूळ आडनाव राहिलं. आमच्याकडे हे घरोघरी आहे आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नव्वदच्या दशकात इश्यूचे फॉर्म भरून त्यांनी दोन कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतले, तेही मुंबईच्या आडनावाने आणि चाळीतल्या खोलीच्या पत्त्यावर. निवृत्त होऊन गावी आले, आधार कार्ड गावच्या आडनावाने काढलं. शेअर ट्रंकेत राहिले. २०२२ च्या पावसाळ्यात बाबा गेले. दिवाळीला ट्रंक उघडली तेव्हा जुन्या रेशनकार्डाखाली ती सर्टिफिकेटं मिळाली.

एका कंपनीचं काम सरळ झालं, कारण तिथे बाबांनी कधीतरी आडनाव बदलून घेतलं होतं. लेटर ऑफ कन्फर्मेशन, म्हणजे शेअर वारसाला मंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा ते १२० दिवसांच्या आत डीमॅटला (शेअर ठेवायच्या ऑनलाइन खात्याला) द्यायचं असे, दिलं, संपलं.

दुसऱ्या कंपनीचा लाभांश त्या चाळीच्या पत्त्यावर जात राहिला आणि कोणी वटवला नाही. सलग ७ वर्षं लाभांश घेतला नाही तर कायद्याने ते शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात. आमचेही गेले होते. शेअर बुडत नाहीत, मागता येतात, हे आधी समजून घ्या, कारण अशा वेळी निम्मी रक्कम मागणारे ‘मदतनीस’ भेटतात. वाट अशी आहे: आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे तिच्या शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, वारस म्हणून कागद द्यायचे, त्यांनी हक्क मान्य केल्याचं पत्र द्यायचं, मग आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याची छापील प्रत कागदांसह कंपनीने याच कामासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची, कंपनीने पडताळणीचा अहवाल निधीकडे द्यायचा, आणि मग शेअर वारसाच्या डीमॅटमध्ये येतात. आम्ही पहिल्याच पायरीवर पाच महिने उभे होतो.

पहिल्या पत्रात त्यांनी रद्द केलेला चेक मागितला. दुसऱ्या पत्रात, सही खरी असल्याच्या फॉर्मवर बँक मॅनेजरचा शिक्का आहे पण कर्मचारी क्रमांक नाही. (हे आधीच पाहून घ्या: मॅनेजरचं नाव, सही, शिक्का आणि क्रमांक, चारही हवेत. आमचा मॅनेजर तोवर बदलून गेला होता, नव्याने सगळं पुन्हा.) तिसऱ्या पत्रात भावाच्या ना हरकत प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का एका पानावर नाही. त्यासाठी भाऊ मुंबईहून रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरला, दुपारी सही केली आणि परत गेला. एका पानासाठी. प्रत्येक पत्र आधीच्या उत्तरानंतर महिन्याभराने. प्रत्येक पत्राखाली सही वेगळी. फोन केला की नवीन माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सांगायचं. एकदा त्या बाजूची मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे जेवढं दिसतं तेवढंच आम्ही सांगतो.” मी विचारलं, मग सगळा अर्ज एकदाच का बघत नाही? ती गप्प झाली. तिच्यावर माझा राग नाही. ज्यांनी ती पद्धत ठरवली त्यांच्यावर आहे, आणि तो आजही गेलेला नाही. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. नवऱ्याच्या नावाचा पुरावा दे म्हणून तिला दर महिन्याला सांगणं ही लहान गोष्ट नव्हे.

चौथ्या पत्राची अडचण खरी होती, हे मी मान्य करते. गेलेल्या माणसाचं नाव राजपत्रात बदलून घेता येत नाही. आम्ही तिघांनी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र दिलं, ते पुरेना. दोन्ही नावं एकत्र असलेला, बाबांच्या हयातीतला एखादा कागद हवा होता. शाळेच्या दाखल्यावर गावचं आडनाव, नोकरीच्या कागदांवर मुंबईचं. रेशनकार्डावर तर नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. जून गेला, जुलै गेला. आत्याकडची लग्नपत्रिकासुद्धा काढून पाहिली, तिच्यावर मूळ आडनाव.

ऑगस्टमध्ये आईला आठवलं की काजूची खालची बाग घेताना बाबा खरेदीखत लिहिणाऱ्याशी वाद घालत होते. कशावरून, ते तिला आठवेना. मी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणीकृत दस्ताची नक्कल मागितली. दस्त १९९६ चा. खरेदी घेणार म्हणून बाबांचं नाव, गावचं आडनाव, पुढे ‘ऊर्फ’ आणि मुंबईचं आडनाव. त्याखाली त्यांची तीच सही, जी सर्टिफिकेटच्या अर्जावर होती. त्या लेखनिकाशी त्यांनी याच एका शब्दासाठी वाद घातला असणार. मी नक्कल घेऊन बाहेर आले, बस स्टँडवर दोन गाड्या सोडल्या, नुसती बसून राहिले. बाबांनी सत्तावीस वर्षांपूर्वी माझं काम करून ठेवलं होतं.

त्या नकलेवर हक्काचं पत्र मिळालं, आणि शेअर आईच्या डीमॅटमध्ये आले मार्च २०२५ मध्ये. मधली सगळी वाट पाहणं मी लिहीत बसत नाही.

आता वही. ती मी २०२० साली सुरू केली तेव्हा पहिल्या दहा पानांत चांगली चांगली वाक्यं उतरवून काढली होती. संयम ठेवावा. घाई करू नये. त्यातल्या एकाही वाक्याने मला कधी अडवलं नाही, कारण कुठल्या दिवशी, कुठल्या कामात, किती, हे त्यात काहीच नव्हतं. ती पानं मी फाडली. आता पद्धत एकच आहे: जिथे काम अडलं किंवा पैसा गेला तो दिवस लिहायचा, तारखेसकट, आणि त्याखाली पुढच्या वेळी हाताने काय करायचं तेवढंच. ‘सावध राहायचं’ असं लिहिलेलं मी खोडते. ‘मॅनेजरचा क्रमांक बघितल्याशिवाय बँकेतून बाहेर पडायचं नाही’ हे ठेवते.

वहीतला सगळ्यात महाग नियम बीच्या पैशाचा. आमचा धंदा असा की बी मार्च ते मे मध्ये घ्यायची आणि वर्षभर फोडायची. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो, म्हणजे तीन महिन्यांत बराच पैसा गोदामात जाऊन बसतो. जानेवारी २०२० मध्ये त्या पैशातले दोन लाख मी शेअर बाजाराच्या फंडात टाकले, तीन महिने तरी का पडून राहावेत म्हणून. २३ मार्चला एका दिवसात बाजार तेरा टक्के पडला. एप्रिलमध्ये शेतकरी दारात बी घेऊन उभे, त्यांनाही पैसा हवा, मग मी तोट्यात विकून रोख केली. बाजार पुढे वर आला, माझा पैसा त्यात नव्हता. नियम: ज्या पैशाला तारीख आहे तो बाजारात जात नाही. पाच वर्षं हात लावायचा नाही असाच पैसा जातो, दर महिन्याला, ठरलेला. तौक्ते वादळात, मे २०२१ ला, शेडचे पत्रे उडाले तेव्हा बँकेतल्या ठेवीने छप्पर घातलं, फंडाला हात लागला नाही. हा नियम पाळल्याचा मला अभिमान आहे.

ठेवीवरून आठवलं. एका बँकेत ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेला हा विमा नाही. आत्याचे पैसे एका पतसंस्थेत तीन वर्षं अडकले होते, तिथे जास्त व्याज मिळतं म्हणून तिने ठेवले होते.

कामाचा नियम मात्र थेट त्या पत्रांतून आला. चौथं पत्र आलं त्याच आठवड्यात एक शेतकरी काका काट्यावर बी घेऊन आले. मी ओलाव्याची घट सांगितली, ते कबूल झाले. पोती उतरवल्यावर मी पोचट बीची घट सांगितली. पैसे देताना पोत्याच्या वजनाची. काका म्हणाले, “बाय, सगळं एकदम सांगायचं होतंस, मी दुसरीकडे नेली असती.” माझा हात थांबला. त्या कार्यालयाने माझ्याशी जे केलं तेच मी त्यांच्याशी करत होते. तेव्हापासून काट्याजवळ पाटी आहे. सगळ्या घटी लिहिलेल्या, आणि मूठभर बी पाण्यात टाकून तरंगणारी दाखवायची, मगच पोतं उतरवायचं. सोलणाऱ्या बायकांनाही तसंच: तुकडा किती चालेल, डब्ल्यू ३२० या अख्ख्या गराच्या प्रतीत काय बसेल, सकाळी सांगायचं, संध्याकाळी मजुरी कापताना नाही. दोन हंगामांत बी आणणारे वाढले. कमी दर देऊनही येतात.

नॉमिनीबद्दल एक सांगायचं राहिलं. नॉमिनी लावला की झालं असं मलाही वाटायचं. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात स्पष्ट केलं की शेअरचा नॉमिनी मालक होत नाही, हक्क वारसांचाच. म्हणून नॉमिनीही लावा आणि मृत्युपत्रही करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. आणि कागदी शेअर एका कंपनीचे ५ लाखांच्या आतले असतील तर कोर्टाच्या सक्सेशन सर्टिफिकेटशिवाय (वारसाच्या दाखल्याशिवाय) काम होतं. आम्हाला वकिलाने सुरुवातीला उलटंच सांगितलं होतं.

माझ्या स्वतःच्या पैशाचा एक कागद आता देवघराच्या कपाटात आहे. आधी मी तो कॉम्प्युटरवर इंग्रजीत केला होता. आईने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, “माका वाचूक येयत असा लिव गो बाय.” मी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिला. एक बँक, एक डीमॅट, तीन फंड, एक विमा. आधी अकरा फंड होते. आईला समजावताना मलाच आठांचं कारण सांगता येईना, ते विकले.

गेल्या गणपतीत भाऊ आला तो पिशवीभर कागद घेऊन. त्याचंही तेच: पॅन मुंबईच्या आडनावाने, शाळेचा दाखला गावच्या. आरती झाल्यावर त्याने सगळे कागद माजघरात पसरले, आईने वरून पंखा बंद केला, आणि आम्ही राजपत्राचा अर्ज भरायला बसलो. जुनं नाव, नवं नाव, कारण. मी त्याला प्रत्येक कागदाच्या चार प्रती काढायला लावल्या आणि बागेच्या खरेदीखताची नक्कल सगळ्यांच्या वर ठेवली.