हेडफोन ॲम्प घ्यायचाय, पण कमी काय पडतंय, आवाज की नॉब?

माझ्या रेकॉर्डिंगच्या टेबलावर सगळ्यात शेवटी आलेली वस्तू म्हणजे हेडफोन ॲम्प, आणि खरं सांगायचं तर तो आवाज सुधारायला नाही, भांडण मिटवायला आला.

झालं असं की मी गिटार वाजवतो, मैत्रीण गाते, खोली एकच आणि इंटरफेसला (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) हेडफोनचं भोकही एकच. मग काय, एकाचे दोन करणारा स्प्लिटर लावला. माझ्या डोक्यावर बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, तोही २५० ओहमवाला, आणि तिच्याकडे साधे ३२ ओहमचे (ओहम म्हणजे हेडफोनचा इंपीडन्स, विजेला होणारा अडथळा). ती ओरडतेय कान फुटतायत, कमी कर, आणि मला क्लिकसुद्धा (तालाची टिकटिक) धड ऐकू येत नाहीये म्हणून मी नॉब वर ढकलतोय. चार टेक असेच गेले. नंतर बसून हिशोब केला तेव्हा कळलं की चूक दोघांचीही नव्हती. स्प्लिटरवर दोन्ही हेडफोनना व्होल्टेज सारखंच मिळतं, पण त्याच व्होल्टेजवर ३२ ओहमवाला २५० ओहमवाल्याच्या जवळजवळ ८ पट पॉवर ओढतो, म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तरी सरळ ९ डीबीचा (डेसिबल, आवाजाचं माप) फरक. त्यात भांडण होणारच.

मग रात्री शोधाशोध सुरू केली आणि इथेच मी फसणार होतो. कारण 'हेडफोन ॲम्प' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे एका माणसाने शांतपणे बसून गाणी ऐकायचा डबा, एक आउटपुट, एक मोठा नॉब, छान पॉवर, कमी नॉइज. दुसरा म्हणजे वाटप करणारा डबा, आत एक स्टीरिओ सिग्नल, बाहेर चार आउटपुट आणि प्रत्येकाला स्वतःचा नॉब. बेहरिंगरचा एचए ४०० किंवा प्रीसोनसचा एचपी ४ हे या दुसऱ्या जातीतले. मी पहिल्या जातीतला एक अगदी कार्टमध्ये टाकला होता कारण रिव्ह्यू वाचून वाचून डोकं फिरलं होतं, सगळे 'साउंडस्टेज' आणि 'उबदारपणा' यावर बोलत होते, आणि माझा प्रश्न तर फक्त एवढाच होता की तिचा आवाज कमी आणि माझा जास्त कसा करू.

म्हणून खरेदीआधी एक सोपी टेस्ट. इंटरफेसचा हेडफोन नॉब पूर्ण फिरवा (हेडफोन आधी कानावरून काढून, मग हळूहळू जवळ आणून). आवाज पुरेसा मोठा आणि स्वच्छ असेल तर तुम्हाला पॉवरसाठी ॲम्प नको, विषय संपला. सोनीचा एमडीआर ७५०६ ६३ ओहमचा आहे, ऑडिओ टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओहमचा, असल्यांना बहुतेक इंटरफेस आरामात पुरतात. पण पूर्ण फिरवूनही आवाज पुचाट असेल किंवा ड्रमच्या ठोक्यावर फाटत असेल तर मग आकडे बघायचे.

आकडे म्हणजे फार काही नाही हो, घाबरू नका. डीटी ७७० प्रोची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक पॉवरला किती आवाज निघतो ते, १ मिलिवॅटला ९६ डीबी आहे. रेकॉर्डिंगमधल्या अचानक येणाऱ्या पीकसाठी ११० डीबीपर्यंत जागा हवी असं धरू, म्हणजे १४ डीबी जास्त, म्हणजे साधारण २५ मिलिवॅट. आता २५० ओहमवर २५ मिलिवॅट द्यायला २.५ व्होल्ट लागतात, करंट फक्त १० मिलिअँपिअर. त्याच हेडफोनच्या ३२ ओहमवाल्या मॉडेलला तेवढ्याच पॉवरसाठी ०.९ व्होल्ट पुरतात पण करंट २८ मिलिअँपिअर लागतो. म्हणजे जास्त ओहमवाला व्होल्टेज मागतो आणि कमी ओहमवाला करंट. यूएसबी २ पोर्टमधून इंटरफेसला सगळं मिळून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट मिळतात, त्यातच माइकचा सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प, आवाज डिजिटल करणारा कन्व्हर्टर, काही माइकना लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, सगळ्यांचं भागवायचं, म्हणून छोट्या इंटरफेसमध्ये हेडफोनच्या वाट्याला बऱ्याचदा उरलंसुरलंच येतं.

आणि हो, बॉक्सवर 'डबल पॉवर' लिहिलेलं बघून हुरळून जाऊ नका. पॉवर दुप्पट म्हणजे फक्त ३ डीबी. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे पॉवर १० पट.

जाहिरातीत सहसा न दिसणारा आकडा म्हणजे आउटपुट इंपीडन्स, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या आउटपुटमधला अडथळा, आणि स्वस्तातल्या चार-आउटपुट डब्यांत तोच बघण्यासारखा. कोणी चुकीची पिन घुसवली तर डबा जळू नये म्हणून काहींमध्ये प्रत्येक आउटपुटला आत एक रेझिस्टर लावलेला असतो. समजा तो ४७ ओहमचा आहे, तर ३२ ओहमच्या हेडफोनपर्यंत ४० टक्केच व्होल्टेज पोचतं, ८ डीबी तिथेच गेले, आणि २५० ओहमवाल्याचं नुकसान मात्र जेमतेम दीड डीबी. शिवाय हेडफोनचा इंपीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो, त्यामुळे आउटपुट इंपीडन्स जास्त असला की टोनही बदलतो, बऱ्याच हेडफोनचा बास फुगतो, आणि इनइअरमध्ये (कानाच्या आत बसणारे) तर काहीही होऊ शकतं. साधारण नियम असा की ॲम्पचा आकडा हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी हवा, ३२ ओहमला ४ ओहम. पण टेक घेताना मी याची फार चिंता करत नाही, गाणाऱ्याला सूर आणि ताल नीट ऐकू आला की झालं. मिक्सिंग करताना मात्र मी त्या डब्यावर विसंबत नाही.

आता माझी फजिती. डबा आला, एकच स्टीरिओ इनपुट होता, मी हौसेने चांगली बॅलन्स्ड टीआरएस केबल (जॅकवर टिप, रिंग आणि स्लीव्ह असे तीन भाग असलेली) काढली आणि इंटरफेसच्या डाव्या लाइन आउटमधून सरळ त्यात खुपसली. आवाज आला पण कसा, पोकळ, डोक्याच्या मागून कुठूनतरी. दोन दिवस मी डब्याला शिव्या घातल्या, परत पाठवायला पॅकसुद्धा केला. चूक माझीच होती. बॅलन्स्ड आउटमध्ये टिपवर सरळ सिग्नल असतो आणि रिंगवर तोच उलटा, आणि स्टीरिओ इनपुट मात्र टिपला डावा कान समजतं आणि रिंगला उजवा, म्हणजे एका कानात सरळ आणि दुसऱ्यात उलटा आवाज, आणि मिक्सचा उजवा भाग तर गायबच. अशा डब्याला वाय केबल लागते, एका बाजूला टीआरएस आणि दुसऱ्या बाजूला दोन साधे मोनो जॅक, इन्सर्ट केबल म्हणून मिळते तीसुद्धा चालते. किंवा सरळ इंटरफेसच्या हेडफोन आउटमधून स्टीरिओ केबल टाकायची. डाव्या-उजव्याला वेगळे इनपुट असलेल्या डब्यात ही कटकट नसते.

अजून एक, गरजेपेक्षा जास्त गेनवाला, म्हणजे सिग्नल फार वाढवणारा, ॲम्पही त्रासच देतो. नॉब जरासा उघडला की आवाज मोठा, आणि स्वस्त पॉटमध्ये (नॉबच्या आतला भाग) अगदी खालच्या टोकाला डावं-उजवं सारखं नसतं, त्यामुळे आवाज एका कानाकडे झुकतो. वर सेन्सिटिव्ह इनइअर लावले की हिस्स आवाज फुकटात. इनपुटचा सिग्नल थोडा कमी करून नॉब मध्यावर येईल असं बसवलं की बरं पडतं.

ॲम्पकडून जे होणार नाही तेही सांगतो. लेटन्सी, म्हणजे गायलेलं कानात यायला लागणारा उशीर, कमी होत नाही. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सँपलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेलाच जवळजवळ ६ मिलिसेकंद, जायचे-यायचे दोन्ही धरले की गाणाऱ्याला ते जाणवतं, त्याला डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे कॉम्प्युटरमधून न जाता इंटरफेसमधूनच थेट ऐकणं, हाच उपाय. आणि चार नॉब असले तरी मिक्स सगळ्यांना एकच मिळतो. तिला स्वतःचा आवाज वर आणि गिटार खाली हवी असेल तर इंटरफेसला मुख्य १-२ शिवाय ३-४ नंबरचे आउट हवेत आणि त्यावर वेगळा मिक्स पाठवायला हवा. हे मला आधी कळलं असतं तर कदाचित मी ॲम्पऐवजी दोन हेडफोन आउटचा इंटरफेसच घेतला असता.

आवाज वाढवायची सोय झाली की माणूस वाढवतोच, हेही लक्षात आलं. ८५ डीबीला ८ तास ठीक धरतात आणि पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे १०० डीबीला जेमतेम १५ मिनिटं. शिवाय मोठा क्लिक हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरतो, हळू गाण्याच्या शेवटी तर हमखास ऐकू येतो. म्हणून आमच्याकडे आता ठरलंय, पिन लावायच्या आधी सगळे नॉब शून्यावर, आणि तिचा नॉब तीच फिरवणार, मी हात लावायचा नाही. तिसऱ्या नॉबला खरखर सुरू झालीये, पण तिसरा माणूस अजून आलेला नाही.