ड्रॉईंग एकच, पीसीवरचं

शिरोलीच्या एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. ड्रॉईंग केबिनमधल्या पीसीवर, काम शेडमध्ये. इतकी वर्षं ड्रॉईंग व्हॉट्सॲपवरच पाठवायचो. गेल्या पावसाळ्यात एका ऑपरेटरच्या मोबाईलवर जुनं रिव्हिजन, म्हणजे बदल होण्याआधीचं ड्रॉईंग, उघडलं गेलं. बोअर, म्हणजे आतलं भोक, हवं होतं 51.5 मिमी, झालं 52. अकरा कास्टिंग भंगारात गेली. त्याला काय बोलणार? एकाच ड्रॉईंगच्या चार प्रती चार मोबाईलमध्ये आम्हीच ठेवल्या होत्या. त्याच संध्याकाळी ठरवलं, प्रत फक्त पीसीवर राहील आणि मोबाईलवरून तीच उघडायची.

पीसी विंडोज 10 चा. फोल्डर शेअर करणं पाच मिनिटांचं काम. मोबाईलवर सीएक्स फाइल एक्सप्लोरर हे ॲप घेतलं, त्यात नेटवर्कमध्ये जाऊन पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकला, तर जोडलंच जाईना. एका जाणकाराने सांगितलं, एसएमबी 1, म्हणजे नेटवर्कवर फाइल शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत, चालू कर, लगेच होईल. ते मी केलं नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून. पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, ड्रॉईंग आपल्या भरवशावर असतात, ती अशी उघडी कशी टाकायची?

दोष वेगळाच निघाला. आमचं वायफाय विंडोजमध्ये 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं, त्यामुळे फायरवॉल, म्हणजे पीसीचा राखणदार, बाहेरून कुणाला आत घेत नव्हती. ते 'प्रायव्हेट' केलं, फाइल शेअरिंग चालू केलं आणि पासवर्डची चौकट आली. रोजचा चार आकडी पिन टाकला, चालला नाही. पिन त्या पीसीपुरताच असतो, नेटवर्कवरून खात्याचा पासवर्डच लागतो. मग शेडसाठी वेगळा यूजर काढला आणि त्याला फक्त वाचायची परवानगी दिली. तरी 'परवानगी नाही' येतच राहिलं. यात माझे दोन तास गेले. परवानगी दोन जागी द्यावी लागते, शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्येही. दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. सिक्युरिटीत या यूजरचं नावच नव्हतं. ते घातलं आणि फोल्डर उघडला.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि पीसीचा आयपी बदलला. राउटरमध्ये पीसीसाठी एकच आयपी राखून ठेवला, तेव्हापासून ती कटकट नाही. पीसी दिवसा स्लीपला जाऊ नये एवढंही बघावं लागलं.

परवा लेथवरच्या मामांनी कॉटन वेस्टने हात पुसले, दोन बोटांनी ड्रॉईंग मोठं केलं आणि कोपऱ्यातल्या रिव्हिजनच्या आकड्यावर बोट ठेवून मला हाक मारली, "दादा, तीन नंबर. ह्योच न्हवं?"

तोच होता. सकाळी साडेनऊला मी पीसीवर टाकलेला.