आमची हरकत नाही

खारघर, रविवार रात्र

आज चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय घेतला. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत, म्हणजे पहिल्या चर्चमध्ये, रोजच्या अन्नवाटपाच्या वेळी ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जात होतं आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली होती. हा उतारा लहानपणापासून ऐकत आलेय, पण या वाटपासाठी निवडलेल्या सात जणांच्या नावांकडे आज पहिल्यांदा लक्ष गेलं. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्याच माणसांच्या हाती मंडळीनं वाटप सोपवलं. मग आमच्या विधवांचं काय होणार, असं बाकीच्यांपैकी कोणी विचारल्याचं तिथे लिहिलेलं नाही. देवावर भरवसा ठेवल्याशिवाय माणसाच्या हातून हे व्हायचं नाही.

हे मनात घोळत होतं, कारण कालचा कागद अजून डोळ्यांपुढून हलत नाहीये.

आमच्या समोरचा फ्लॅट मालकांनी टांझानियाच्या एका जोडप्याला द्यायचं ठरवलंय. तो इथे शिकतो, तिला सातवा महिना आहे. दोघं आमच्याच मंडळीत येतात. मराठी उपासनेतलं त्यांना फारसं कळत नाही, तरी येतात. गीताची चाल ओळखीची निघाली की तो स्वाहिलीत गातो, आम्ही मराठीत. सासूबाई मुद्दाम त्यांच्या बाकावर जाऊन बसतात आणि कितवं गीत चाललंय ते बोटाने दाखवतात. बाकीचा बाक बहुतेक रिकामाच असतो.

काल दुपारी वॉचमन सोसायटीचा कागद घेऊन आला. इमारतीत आफ्रिकन भाडेकरू नकोत, असा मजकूर होता. कारणं नेहमीचीच: स्वयंपाकाचा वास, रात्री-अपरात्री येणंजाणं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. तुम्ही अगदी समोर राहता, तुमची सही आधी हवी होती, असा निरोप. खाली पाहिलं तर बऱ्याच सह्या झालेल्या, आणि त्यातल्या दोन आमच्याच मंडळीतल्यांच्या. ज्यांच्या शेजारी बसून मी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस, घेते, त्यांचं वळणदार अक्षर मला लांबूनही ओळखता येतं. पोटात तुटलं.

सासूबाईंनी कागद हातात घेतला, सावकाश वाचला, चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "आपल्यासाठी असे कागद नव्हते निघत गं. तोंडावरच सांगायचे."

त्या नगर जिल्ह्यातल्या. लग्नानंतर ठाण्यात खोली शोधत हिंडत होत्या, तेव्हा आडनाव ऐकून लोक हो म्हणायचे. मग गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला, असं विचारत विचारत हव्या त्या जागी पोचायचे, आणि संध्याकाळी निरोप यायचा की खोली गेली. हे सगळं त्यांनी मला पूर्वीही सांगितलंय, पण कधी रडत सांगितलं नाही. कालही रडल्या नाहीत.

मी कागदावर खाली लिहिलं, 'आमची हरकत नाही', सही केली आणि वॉचमनला परत दिला.

भीती नंतर आली. आम्हीही भाड्यानेच राहतो. अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय आणि आमच्या मालकांचं सेक्रेटरींशी जवळचं नातं आहे. मुलगा दहावीत. आता या दिवसांत घर बदलायची वेळ आली तर? रात्री झोप लागेना.

तेव्हा अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले पाळक मार्टिन ल्यूथर किंग आठवले, त्यांची भाषणं नाही, त्यांचं स्वयंपाकघर. 1956 चा जानेवारी, अलाबामातलं माँटगोमेरी शहर. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार सुरू होऊन दुसरा महिना चाललेला. मध्यरात्री धमकीचा फोन आला. बायको आणि तान्ही मुलगी आत झोपलेल्या. किंग अवघे 27 वर्षांचे. त्यांनी कॉफी केली, ती तशीच समोर राहिली. भ्याड न ठरता यातून बाहेर कसं पडता येईल, याचा ते विचार करत होते. शेवटी टेबलावर डोकं टेकून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली: मी थकलोय, माझं धैर्य संपलंय. नीतीसाठी उभा राहा, मी तुझ्यासोबत आहे, असं आतून ऐकू आल्याचं त्यांनी पुढे सांगितलं.

तीनच दिवसांनी त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. आई आणि बाळ वाचली. चिडलेले लोक हत्यारं घेऊन दारात जमले, तर किंगनी त्यांना हत्यारं ठेवून घरी जायला सांगितलं, शत्रूवर प्रेम करायला सांगितलं. बहिष्कार 381 दिवस चालला.

मला यातला तो बॉम्बच महत्त्वाचा वाटतो. देवानं 'मी सोबत आहे' म्हटलं, पण घर सुरक्षित राहील अशी हमी काही दिली नव्हती. मी मात्र कालपासून प्रार्थनेत घराचा करारच मागतेय. मागायला हरकत नाही, आपला बाप आहे तो. पण करार झाला तरच त्याच्यावर भरवसा, असं मला नको आहे.

हेच किंग 1959 मध्ये भारतात आले होते. केरळमध्ये दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य' अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग पटलं, हे त्यांनीच 1965 च्या एका प्रवचनात सांगितलंय. आमच्या सासूबाईंना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या सरळ जाऊन त्या बाकावर बसल्या.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. इथे तर माझ्याच मनात मंडळीतल्या त्या सही करणाऱ्या दोघांविरुद्ध काहूर माजलंय. बुधवारी त्यांच्या घरी जायचं ठरवलंय. भांडायला जात नाहीये. त्यांनी त्या जोडप्याला एकदा घरी जेवायला बोलवावं, स्वयंपाकाला मी येते, एवढंच सांगायचंय. आणि मंडळीच्या कमिटीत आपल्याला त्या जोडप्यापैकी कोणी हवंय, हे पाळकसाहेबांच्या कानावर घालायचंय.

सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते. त्यांच्या आईला मी ओळखते."