अड्डूचा पहारा

आज दिवसभर अड्डू प्रवाळबेटांच्या नकाशात डोकं खुपसून होतो. मालदीवचं हे दक्षिण टोक विषुववृत्ताच्या जरा खाली, कोलंबोपासून सुमारे अकराशे किलोमीटर. 1941 मध्ये ब्रिटिश नौदलाने इथे 'पोर्ट टी' हा गुप्त तळ उभारला. एप्रिल 1942 मध्ये जपानी आरमार श्रीलंकेवर चालून आलं, तेव्हाही त्याला या तळाचा पत्ता नव्हता.

पहारा म्हटलं की तोफा आठवतात, पण इथल्या नौसैनिकांना आधी झुडपांनी गाठलं. तोफांसाठी झाडी तोडताना गोचिडीसारख्या बारीक किड्यांची पिल्लं अंगावर चढत आणि त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होई. ताप दोन-दोन आठवडे उतरत नसे आणि त्यावर नेमकं औषधही तेव्हा नव्हतं. त्यामुळे छावणीभोवतीची झुडपं कापून, जाळून जमीन मोकळी ठेवणं हेसुद्धा पहाऱ्याचंच काम. गोड्या पाण्याचेही हाल: प्रवाळी जमिनीत ते खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं, जास्त उपसलं की खारट होतं.

शत्रूच्या पाणबुड्या आणि टॉर्पेडो (पाण्यातून धावणारे स्फोटक अस्त्र) अडवायला प्रवाळकड्यातल्या खिंडींत पोलादी जाळी सोडलेली असे. पण भरती-ओहोटीची ओढ जाळी सतत ताणत असे, म्हणून तिचे तरंगते पिंप, साखळ्या, नांगर सारखे तपासावे लागत. एक फट राहिली तरी पुरे. 9 मार्च 1944 ला जर्मन पाणबुडी यू-183 ने बाहेरूनच अशा फटीतून टॉर्पेडो सोडला आणि आत नांगरलेलं 'ब्रिटिश लॉयल्टी' हे तेलवाहू जहाज तळाशी बसलं. याच जहाजाला 1942 मध्ये मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात जपानी छोट्या पाणबुडीनेही बुडवलं होतं! दोन्ही वेळा ते पुन्हा तरंगवलं गेलं.