शेवटचा किलोमीटर ५:३१

बुधवार, रात्रीचे साडेबारा

झोप येत नाहीये. पाय दुखतायत म्हणून नाही, पाय कालपासून बरे आहेत, जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही आता. झोप उडालीये ती भाच्याच्या एका वाक्याने, आणि तेही त्याने आमरसाची वाटी तोंडाला लावता लावता टाकलेलं, त्याला आता आठवणारही नाही.

हायरॉक्सची रेस झाली, म्हणजे एक किलोमीटर पळायचं, मग व्यायामाचं एक स्टेशन, असं आठ वेळा, आणि रविवारी ताईकडे जेवत होतो. माझा फोन त्याच्या हातात, स्प्लिट्स, म्हणजे एकेका किलोमीटरचा वेळ, बघत होता. म्हणाला, "मामा, तुझा शेवटचा रन सगळ्यात फास्ट आहे." मी म्हटलं बघ, चव्वेचाळिसाव्या वर्षी! तर म्हणतो, "नाही म्हणजे, मग तू दमलाच नव्हतास ना." आणि पुरी मागितली.

तेव्हा हसलो मी. शिवनेरी बस फूड मॉलला थांबली तेव्हा सगळे वडापाव खायला उतरले आणि मी सीटवर बसून आकडे बघत राहिलो.

आकडे असे. पहिला किलोमीटर ५:४८. मग ६:२०, ६:५५, ७:१०, ७:०५, ६:५०, ६:५८. आणि आठवा ५:३१. आठवा! वीस किलोची सॅन्डबॅग मानेवर घेऊन शंभर मीटर लंजेस, म्हणजे गुडघा टेकवत टाकायच्या ढांगा, मारल्यावरचा, जिथे भल्याभल्यांचे पाय लटपटतात, कोच स्वतः सांगतो की तिथे फक्त पडू नकोस, बाकी काही बघू नकोस. तो माझा सगळ्यात फास्ट. एकूण १:५१:२५. म्हणजे कोणी मला विचारून बक्षीस देणार नव्हतं, वरचे लोक तासाच्या आत संपवून घरी जातात, तो प्रश्नच नाही. प्रश्न ५:३१ चा आहे.

सगळ्यात आधी वाटलं लॅप चुकला असेल. तिथे लॅप आपले आपणच मोजायचे असतात आणि डोकं त्या वेळी ठिकाणावर नसतं, लोक चुकतात. खरं सांगतो, दोन मिनिटं बरं वाटलं. मी लबाड नाही, फक्त गणितात कच्चा, हे चाललं असतं. पण एक अख्खा लॅप गाळला असता तर टाइम याच्या खूपच खाली गेला असता. म्हणजे नाही चुकला. पळालोय मी तो किलोमीटर. सगळाच्या सगळा.

हायरॉक्सचं हेच वाईट आहे की बहाण्याला जागा नाही. २०१८ ला हॅम्बुर्गमध्ये पहिली रेस झाली तेव्हापासून साचा तोच, आठ वेळा एक एक किलोमीटर आणि प्रत्येकानंतर एक स्टेशन, क्रमही ठरलेला. गोरेगावच्या नेस्कोत ढकललात काय आणि जर्मनीत ढकललात काय, ओपन गटातल्या पुरुषांना स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, १५२ किलोचीच. ऊन नाही, चढ नाही, वारा नाही, हॉलच्या आत सगळं. फार तर कार्पेट जड होतं म्हणायचं, ते सगळेच म्हणतात, मीही शनिवारी दिवसभर म्हणत होतो. घोट्याला चिप बांधलेली, ती सगळं लिहून ठेवते. स्टेशनच्या आत-बाहेर करताना रॉक्सझोनमध्ये तुम्ही पाणी पीत किती उभे राहिलात तेही. माझे ९ मिनिटं ८ सेकंद. एवढ्यात चहा होतो.

बरं, कोचने सांगितलं होतं "हळू निघ, वॉल बॉलला ठेव काहीतरी". वॉल बॉल म्हणजे शेवटचं स्टेशन. ते मी ऐकलं. पण तो बोलला होता पहिल्या दोन किलोमीटरबद्दल, आणि मी सातही राखून ठेवले. आमच्या घरात संपत आलेल्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवतात, ती पद्धत रक्तात असणार. अण्णा असते तर त्यांना हे स्प्लिट दाखवले असते आणि ते म्हणाले असते... जाऊ दे.

सहा महिने पाचला उठलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॅन्डबॅग खांद्यावर घेऊन लंजेस मारायचो तेव्हा वॉचमनकाका विचारायचे, "साहेब, लिफ्ट बंद आहे का?" लग्नं चुकवली, एक बारसं चुकवलं, उजवा खांदा अजून रात्री ठणकतो, ऑफिसात तर त्या अप्रेझलच्या वेळी, असो. आणि एवढं सगळं करून एक एकोणीस वर्षांचा पोरगा पुरी खाता खाता सांगतो की तू दमला नव्हतास. मी दमलो होतो रे. स्लेड पुलला दोरी ओढताना तिसऱ्या लेनला हात उघडेनात, बोटं दोरीवरच गोठली, ते काय नाटक होतं का? बर्पी ब्रॉड जम्पला ऐंशी मीटर जमिनीवर छाती टेकवत टेकवत गेलो ८:१० मध्ये, शेजारच्या लेनमधल्या काकांनी मध्येच "चला चला, झालंच" म्हटलं आणि मला रडू आलं. ते कोणी मोजलं नाही.

पण मग ५:३१ कुठून आले.

आज दुपारी डबा खाताना आठवलं. आठवलं कसलं, माहीतच होतं, फक्त तिकडे बघत नव्हतो. पळायच्या लॅपची एक बाजू अशी होती जिथे कठड्याला लागून बघणारे उभे असतात. ताई, दाजी, भाचा तिथे. आणि पलीकडची बाजू, तिथे आमचं कोणी नव्हतं. चौथ्या किलोमीटरला मी पलीकडे चालत होतो. आणि वळण आलं, ताईची पिवळी ओढणी दिसली की पळायला लागायचो. चेहरासुद्धा नीट करून. ती ओरडायची, मी हात दाखवायचो, पुढे जाऊन वळलो की परत चालायचो. पाचव्याला तसंच. सहाव्यालाही, थोडंसं. सातव्याला बहुतेक. चिपला काय, तिला दोन्ही बाजू सारख्याच, तिने सरासरी काढून ७:१० लिहून टाकलं.

आणि आठव्याला चाललो नाही, कारण आता एकच स्टेशन उरलं होतं. गोठा दिसला की बैल कसा आपोआप पाय उचलतो तसं झालं. म्हणजे पायांत होतं. तेवढं सगळं होतं. मागच्या चार किलोमीटरलाही होतंच असणार, आणि मी मात्र तेव्हा स्वतःशी शपथेवर सांगत होतो की नाहीये.

की नव्हतंच? पलीकडे चाललो म्हणूनच शेवटी उरलं असेल? कोचला विचारलं तर तो याला स्ट्रॅटेजी म्हणेल, चांगला माणूस आहे. पण स्ट्रॅटेजी असती तर वळण आल्यावर पळायचं काय कारण.

आणि तो फोटो. फिनिशनंतर मी जमिनीवर आडवा, हात पसरलेले, डोळे मिटलेले, दाजींनी काढलाय. खाली मी लिहिलंय "सगळं दिलं." दोनशेच्या वर लाइक्स आलेत, शाळेच्या बाईंनीसुद्धा हृदय टाकलंय. तो फोटो खोटा नाही हां. त्याआधी शंभर वॉल बॉल होते, सहा किलोचा बॉल तीन मीटरवरच्या खुणेला, आणि जज म्हणून उभी असलेली मुलगी दर थोड्या वेळाने शांतपणे मान हलवायची, नो रेप, म्हणजे हा धरला नाही. पुरता खाली बसत नव्हतो. पहिल्या तीन-चार वेळा राग आला, मग तिच्याकडे बघायचं सोडलं, आणि मग लक्षात आलं की ती बरोबर आहे, मी गुडघे वाचवत होतो. तिथेही वाचवत होतो! साडेनऊ मिनिटं लागली. त्यानंतर जो आडवा झालो तो खरोखर झालो. बहुतेक. डोळे मिटण्याआधी दाजींनी फोन काढलाय हे दिसलं होतं मला, एवढंच.

हिला संध्याकाळी सगळं सांगितलं, एक्सेलसकट. हो, एक्सेल केलीये मी, रन वेगळे, स्टेशन वेगळे, रॉक्सझोनला पिवळा रंग. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे कोणी बघत असलं की तू पळतोस. मग हे आपल्याला आधी माहीत नव्हतं का?" मला एकदम हसू फुटलं, तीही हसली, मग दोघं गवार मोडत बसलो. किती वर्षं हा माणूस पाहुणे येणार म्हटल्यावरच पंखे पुसतो, आणि शोध लावतोय जर्मन चिप लावून.

कॅप्शन बदलावं का असंही मनात आलं. "जवळपास सगळं दिलं". "एका बाजूला सगळं दिलं". ठेवलंय तसंच. बाईंनी हृदय टाकलंय, आता कुठे खुलासा करा.

हे लिहितानाच त्याचा मेसेज आला, या पोरांना झोपा नसतात. "मामा पुढच्या वेळी डबल्स करू? स्लेड मी जास्त ढकलतो, तू रोइंग जास्त कर."

डबल्समध्ये स्टेशनची कामं वाटून घेता येतात. रन नाही. आठही किलोमीटर दोघांनी बरोबरच पळायचे असतात, म्हणजे पलीकडच्या बाजूलासुद्धा.

अजून उत्तर दिलेलं नाही. निळ्या टिका मात्र गेल्यात त्याला.