स्वतः बनवलेल्या विमानात बसायची भीती नाही वाटत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला ऑफिसमध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, शेजारची पोरं तर गेटवरूनच ओरडतात, "काकी, आ उडशे खरू?" उडेल रे बाबांनो. पण भीतीचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून जरा नीट लिहिते.

वडोदऱ्यात मांजलपूरला आमच्या घरामागे सासऱ्यांची जुनी शेड आहे, तिथे मी आरव्ही-९ नावाचं विमान बनवतेय. दोन सीटचं, अॅल्युमिनियमचं, पंखांचा पसारा २८ फूट. पत्रे, रिब्ज म्हणजे आतल्या फासळ्या, स्पार म्हणजे पंखाचा किंवा शेपटीचा लांब कणा, हे सगळं किटमध्ये येतं, बऱ्याच भागांना भोकंही आधीच पाडलेली असतात, त्यामुळे लोकांना वाटतं नटबोल्ट आवळले की झालं. पण एकेक भोक नीट साफ करावं लागतं दोन्ही बाजूंनी, कारण कडेला बर, म्हणजे ड्रिलने उठलेली खरखरीत धार, राहिली तर पुढे चीर तिथूनच सुरू होते. मग क्लेको लावून, म्हणजे स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिना, तांब्याच्या रंगाच्या १/८ इंचाच्या भोकाला आणि चंदेरी ३/३२ च्या, सगळं जुळवून बघायचं, परत उघडायचं, प्रायमर मारायचा, परत जुळवायचं आणि मग रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमचे बसवायचे धातूचे खिळे. असे हजारो. पत्र्यावर खुणा पेन्सिलने करायच्या नाहीत, ग्राफाइटने अॅल्युमिनियम गंजतं, मार्कर वापरायचा.

रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून गन धरतो आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा. माझ्याकडे ठोकळा लेक धरते, तिचा हात बारीक आहे, रिब्जच्या मधे जातो, माझा नाही जात. आवाज इतका होतो की दुपारी शेजारी झोपलेले असताना गन हातात घ्यायचीच नाही असं आमचं ठरलंय, संध्याकाळी सहा ते आठ ठोकाठोक आणि रात्री जेवणं झाल्यावर शांत कामं, मे महिन्यात तर पत्रा संध्याकाळीसुद्धा तापलेला असतो.

आता भीती. मी नोकरी करते मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये, १९ वर्षं झाली. दुसऱ्यांच्या पार्टवर रिजेक्टचा टॅग लावणं हेच काम. तर झालं असं की शेपटीच्या पुढच्या स्पारला एक जाड अँगल बसतो, तो आपणच कापून भोकं पाडायची असतात. नियम साधा आहे, भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवंच, म्हणजे १/८ इंचाच्या रिव्हेटला साधारण ६.३५ मिलिमीटर. माझं एक भोक भरलं ५.१. ड्रिल सरकलं, चूक माझीच, घाई केली होती. रिव्हेट ठोकून प्रायमर मारला असता तर आतल्या बाजूला ते कुणालाच कधी दिसलं नसतं! सासूबाई चहा घेऊन आल्या, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "काय गं, मोडलं का काही?" मी म्हटलं मोडलं नाही आई, पण लावता येणार नाही. लाल टॅग लावला आणि तो अँगल भिंतीवर टांगला, अजून तिथेच आहे. नवीन तुकडा मागवून परत बनवेपर्यंत शेपटी तशीच पडून राहिली, वाईट वाटलं खूप, रात्री झोप नाही आली.

त्या दिवसापासून मी वही ठेवते. कुठला रिव्हेट वाकडा बसला, कुठला काढून मोठ्या साइजचा घातला, तारीख आणि फोटो. ठोकलेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच हवं, ते गेजने बघते. आणि एक रिटायर्ड एअरक्राफ्ट इंजिनियर काका रविवारी टॉर्च आणि आरसा घेऊन येतात, कारण आपलं काम आपणच पास करायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्याच शहरात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा कारखाना सुरू झाला, ४० विमानं इथे बनणार आहेत, तिथेसुद्धा एकाने केलेलं दुसरा तपासणारच की.

म्हणून विमानाची भीती नाही वाटत, त्यात चुका कुठे झाल्या आणि त्या कशा काढल्या ते मला पानासकट माहितीये. भीती वाटते ती मी दमलेली असताना केलेल्या कामाची, म्हणून दमले की शेडला कुलूप.

भारतात हे होतं का असंही विचारतात. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला गच्चीवर विमान बांधलं, २०१७ मध्ये त्याचं रजिस्ट्रेशन झालं, व्हीटी-एनएमडी. कागदपत्रं भरपूर आणि वेळ लागतो, ते मी धरूनच चाललेय.

आणि लेकीला बसवणार का? लगेच नाही. अमेरिकेत अशा विमानांना साधारणपणे आधी २५ किंवा ४० तास वस्तीपासून लांब, पॅसेंजरशिवाय उडवून बघतात, तेवढं मी इथेही करणारच. पहिलं उड्डाण मी नाही करणार, अनुभवी पायलट करेल. लेक रुसलीये त्यावरून, म्हणते ठोकळा मी धरला ना. सध्या तिची परीक्षा आहे, त्यामुळे डावा पंख क्लेकोवरच उभा आहे, रिव्हेट ती मोकळी झाली की.