तुम्ही विचारलेत म्हणून : दाव्याचे दुसरे टोक

उदगीरला परत येऊन मला वीस वर्षे झाली. त्याआधीची वीस वर्षे मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे इंजिन सोडून विमानाचे उरलेले अंग, त्याचे पंख, चाके आणि हायड्रॉलिकच्या नळ्या हा माझा विषय. गावात ‘विमानवाले काका’ एवढीच माझी ओळख उरल्यामुळे, भरतीसाठी पहाटे मैदानावर पळायला येणारी मुले, हॉटेलात पेपर धरून बसलेली मंडळी आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात : ‘काका, जगात सगळ्यात भारी असंल ते विमान आपण एकदाचं घेऊन का टाकत नाही? एवढी वर्षं कशाला घोळ घालायचा?’ पंगतीत याचे उत्तर देता येत नाही, कारण तोवर भात येतो आणि विषय बदलतो. म्हणून ते येथे लिहितो.

लहानपणी मी वडिलांबरोबर हाळी हंडरगुळीच्या बैलबाजारात जात असे. देवणी खोंड घ्यायचा तर वडील आधी दात पाहत, मग खूर पाहत, चालवून पाहत, आणि भावाची वेळ आली की दलाल उपरण्याखाली त्यांची बोटे धरून आकडा सांगे, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला काही कळत नसे. सौदा ठरला की दावे, म्हणजे बैल बांधायची दोरी, वडिलांच्या हातात येई आणि विकणाऱ्याचा त्या बैलाशी संबंध संपे. विमानखरेदीचे चित्रही लोकांच्या मनात असेच असते, आणि पाहणीपुरते ते बरोबरही आहे. आपल्या सरकारने २००७ च्या ऑगस्टमध्ये १२६ विमानांसाठी निविदा काढली तेव्हा सहा विमाने बाजारात उभी राहिली : अमेरिकेची एफ-१६ आणि सुपर हॉर्नेट, फ्रान्सचे राफेल, चार युरोपीय देशांनी मिळून बनवलेले टायफून, स्वीडनचे ग्रिपेन आणि रशियाचे मिग-३५. त्यांना बंगळुरूच्या दमट हवेत उडवले, जैसलमेरच्या उन्हात उडवले आणि लेहला नेले, जिथे धावपट्टीच समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच असल्यामुळे हवा विरळ असते, इंजिन बंद करून पुन्हा चालू करणे हीच परीक्षा ठरते आणि पूर्ण भार घेऊन उठणे ही त्याहून मोठी. एप्रिल २०११ मध्ये राफेल आणि टायफून एवढी दोनच उरली. मग नुसती किंमत न पाहता, विमान पुढे अनेक वर्षे उडवायला, दुरुस्त करायला आणि त्याची इंजिने बदलायला किती खर्च येईल याचा हिशेब मांडला गेला आणि जानेवारी २०१२ मध्ये राफेल स्वस्त ठरले.

इथपर्यंत बाजार आहे. पुढचा प्रश्न दाव्याचा आहे, कारण लढाऊ विमान विकणारा आपल्या हातातले दाव्याचे टोक कधीच पूर्णपणे सोडत नाही. सुटे भाग त्याच्याकडून येतात, इंजिनाची मोठी दुरुस्ती त्याच्या परवानगीने होते, नवे क्षेपणास्त्र बसवायचे तर संगणकातले बदल बहुधा त्यालाच करावे लागतात, आणि हे तीस-चाळीस वर्षे चालते. तेवढ्या काळात त्याच्या देशातले सरकार दहा वेळा बदलू शकते.

याचे सर्वांत सोपे उदाहरण आपल्या शेजारी आहे. पाकिस्तानने अमेरिकेकडे एफ-१६ विमानांची मागणी नोंदवली होती, त्यांतल्या २८ विमानांचे पैसे भरणे चालू होते, आणि १९९० मध्ये अणुकार्यक्रमाच्या कारणावरून अमेरिकेच्या कायद्याने पुरवठा थांबवला. विमाने तयार होऊन अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. पुढे काही वर्षांनी तडजोड झाली तेव्हा परतफेडीचा काही भाग रोख मिळाला आणि काही गव्हाच्या रूपात. विमानाच्या बदल्यात गहू, हे मी मोंढ्यातल्या आडत्यांना सांगितले तेव्हा त्यांना हसू आवरेना. आपण हसण्याचे मात्र कारण नाही, कारण १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर आपल्यावरही निर्बंध आले आणि तेजस या आपल्या देशी लढाऊ विमानाच्या नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत चाललेले सहकार्याचे काम मध्येच थांबले.

कधी कधी दाव्याला तिसरेच टोक निघते. १९७० च्या दशकात आपण खोलवर मारा करणारे विमान शोधत होतो, तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्सचे जॅग्वार, फ्रान्सचे मिराज एफ-१ आणि स्वीडनचे व्हिगेन समोर होते. व्हिगेन स्वीडनचे असले तरी त्याचे इंजिन मुळात अमेरिकी रचनेचे होते, आणि अमेरिकेने ते भारताला द्यायला नकार दिला. स्वीडन तयार असून उपयोग झाला नाही, आणि १९७८ मध्ये आपण जॅग्वार निवडले. ते आजही उडते, पण ब्रिटन आणि फ्रान्सने केव्हाच वापरातून काढले असल्याने फ्रान्समधले मोडीत निघालेले सांगाडे आपण सुट्या भागांसाठी आणले. त्या सांगाड्यांतून कामाचा तुकडा शोधून काढणारा माणूस माझ्याच जातकुळीचा असणार, हे मला न सांगता कळते.

कारण ते मी केले आहे. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ फुटला तेव्हा मी मिग-२१ या सोव्हिएत लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे तुकडीत, होतो. तोवर सुटे भाग लाकडी पेट्यांतून, मेणकागदात गुंडाळलेले आणि दाट ग्रीसमध्ये बुडवलेले येत. ते ग्रीस पुसता पुसता बोटांच्या रेषा काळ्या पडत. मग पेट्या यायच्या थांबल्या. मागणीपत्रे जात होती, पण एका देशाचे पंधरा देश झाले होते आणि कोणता भाग आता कोणत्या देशातल्या कारखान्यातून मागवायचा हेच वरच्यांना उलगडत नव्हते. एका विमानाच्या चाकाच्या हायड्रॉलिक जॅकमधून तेल झिरपत होते. लागणारी वस्तू काय, तर बांगडीपेक्षा लहान एक रबरी सील. ते स्टोअरमध्ये नव्हते, म्हणून हँगरच्या मागच्या कोपऱ्यात इंजिनाची वाट पाहत उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचा अख्खा जॅक आम्ही रात्री काढला, पहिल्याला बसवला, विमान उचलून चाके दहा वेळा आतबाहेर करून पाहिली, आणि ज्याचा काढला त्याला ‘जॅक नाही’ अशी लाल चिठ्ठी बांधली. काढणे, बसवणे, तपासणे, आणि पुढे कधीतरी भाग आला की पुन्हा तेच सारे उलट्या क्रमाने. काही महिन्यांत त्या कोपऱ्यातल्या विमानाला इतक्या चिठ्ठ्या लागल्या की लांबून ते नवस फेडायला आलेल्यांनी चिंध्या बांधलेल्या झाडासारखे दिसे.

म्हणून कोणी मला विचारतो की आपल्या हवाई दलात सुखोई, मिग-२९, मिराज, जॅग्वार, राफेल आणि तेजस अशी खिचडी का, तेव्हा माझी दोन मने होतात. फिटर म्हणून मला ती खिचडी नकोशी वाटते. प्रत्येकाची अवजारे वेगळी, पुस्तके वेगळी, तेल वेगळे, प्रशिक्षण वेगळे, आणि एकावर दहा वर्षे हात बसलेला माणूस दुसऱ्यासमोर नवशिक्या ठरतो. तरीही ती पुष्कळशी समजून-उमजून शिजवलेली आहे असे मला वाटते. एकट्या रशियावर सगळे दावे बांधले असते तर १९९२ साली आपले काय झाले असते, याचा अंदाज मला त्या कोपऱ्यातल्या विमानावरून येतो. त्या काळात ग्वाल्हेरची मिराज फ्रान्सच्या भरवशावर उडत होती, आणि १९९९ मध्ये कारगिलला टायगर हिलवर लेझरच्या नेमाने बॉम्ब टाकले ते त्यांनीच. देश पुरवठादार वाटून घेतो तेव्हा त्याची किंमत स्टोअरकीपर आणि फिटर मोजतात. ती मोजण्यासारखी आहे, एवढे मी मान्य करतो.

मुळात मिग-२१ आले तेही याच विचाराने. पाकिस्तानला अमेरिकेची एफ-१०४ लढाऊ विमाने मिळाली होती, आपल्याला ती मिळेनात, आणि सोव्हिएत संघ नुसती विमाने नव्हे तर ती बनवण्याचा परवानाही द्यायला तयार होता. १९६२ मध्ये ते ठरले आणि त्यातून नाशिकजवळ ओझरचा कारखाना उभा राहिला.

घोळाबद्दल मात्र विचारणाऱ्यांचेच खरे आहे, आणि तिथे मी कोणाची बाजू घेणार नाही. राफेल निवडल्यावर १२६ पैकी १८ तयार घ्यायची आणि १०८ हिंदुस्तान एरोनॉटिक्सने इथे बनवायची असे होते. पण इथे बनलेल्या विमानांची हमी कोणी घ्यायची आणि त्यांना मनुष्यतास किती लागतील, यावर तीन वर्षे बोलणी अडली. एप्रिल २०१५ मध्ये थेट ३६ तयार विमाने घेण्याचे जाहीर झाले, सप्टेंबर २०१६ मध्ये करार झाला आणि पहिली पाच २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली. निविदेपासून तेरा वर्षे, आणि १२६ च्या जागी ३६. त्यांच्या किमतीवरून झालेले राजकारण तुम्ही ऐकलेच आहे; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चौकशीच्या याचिका फेटाळल्या आणि तो वाद मी फिटरच्या अकलेने पुढे नेणार नाही. मला बोचते ते वेगळे. मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या जागी आपल्याकडे आज तीसही नाहीत, आणि ज्या मिग-२१ च्या चाकांत मी तारुण्य घालवले ते निवृत्त व्हायला २६ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. ते इतकी वर्षे उडवत ठेवणारी वैमानिक मुले कोणाच्या तरी घरची होती.

गेल्या आठवड्यात मैदानावरचा एक मुलगा हे सगळे ऐकून म्हणाला, ‘मग काका, तेजस तरी पूर्ण आपलंच ना?’ मी त्याला सांगितले की २०२१ च्या फेब्रुवारीत ८३ तेजसची मागणी दिली, त्यासाठी अमेरिकेकडून ९९ इंजिने घ्यायचे ठरले आणि त्यांतले पहिले २०२५ च्या मार्चमध्ये आले. तो थोडा वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग त्याने विचारले, ‘आपण इंजिन का बनवत नाही?’ मी कावेरी या देशी इंजिनाचे सांगायला सुरुवात केली, १९८९ साली तो प्रकल्प मंजूर झाला तिथपासून. पण तोवर शिट्टी झाली आणि त्याला सोळाशे मीटर पळायला जावे लागले.